केळवणाच्या दिवशी माझ्या पाटावर गायधनीकाका

मृणे, हातातलं सगळं ठेव आणि ऐक, माझा आजचा दिवस त्यांनी दुसऱ्यालाच देऊन टाकला! सकाळी अकरा वाजता.

बेल वाजली म्हणून दार उघडलं. दारात दिवस-वाटप ऑफिसच्या लोखंडे मॅडम, काखेत फाईल. मागे कडक इस्त्रीच्या शर्टातले एक काका.

"शर्वरी सोनटक्के? फेब्रुवारीपासून तुम्ही तुमच्या आजमध्ये राहत नाही. रिकामा दिवस आम्ही प्रतीक्षा यादीतल्यांना देतो. हे गायधनी."

"अहो मॅडम, मी इथेच आहे की!"

"तुम्ही जूनमध्ये असता. शेजाऱ्यांचा जबाब आहे."

आता हे खरंय गं. जूनमध्ये व्हिसा येणार, आणि मी मनातल्या मनात तिकडच्या खोलीला पडदेसुद्धा लावून बसलेय. पण आजच का? आज आमच्या अनघाताईचं घरचं केळवण, लग्नाआधीचं आमच्याकडचं शेवटचं जेवण. रविवारी लग्न, की ती थेट गुवाहाटीला!

मी म्हटलं, "काका, तुम्हाला तुमचे स्वतःचे दिवस नाहीत का?"

"माझे संपले बाळ, गेल्या श्रावणात," ते अगदी सहज म्हणाले. चपला काढल्या, आत गेले आणि माझ्या पाटावर बसले. आई त्यांनाच विचारते, "शरू, कोशिंबीर वाढू?" मी शेजारी उभी, कुणाला पत्ताच नाही!

मी तिथल्या तिथे अपील केलं. मॅडमनी ओट्याला टेकून फॉर्म काढला. "ताबा सिद्ध करा. तीन प्रश्न, एक तरी बरोबर आला पाहिजे. आत्ता कढईत काय आहे?"

"पुऱ्या!"

"पुऱ्या मघाशीच झाल्या."

"बटाट्याची भजी आहेत," काका पाटावरून म्हणाले. "ओवा घातलाय."

"ताटाभोवतीची रांगोळी कुठल्या रंगाची?"

मृणे, ती रांगोळी सकाळी मीच काढलेली! पण काढताना मी जूनच्या बॅगा भरत होते ना. मी म्हटलं गुलाबी. निघाली हिरवी.

"शेवटचा. तुमची ताई काय करतेय?"

"हसतेय," मी म्हटलं. मॅडम लिहायला लागल्या, तेवढ्यात मी पाहिलं. म्हणजे नीटच पाहिलं. "थांबा! हसतेय, पण वाढलेलं सगळं ताटाच्या एका बाजूला सारतेय. शाळा बदलली तेव्हा डब्याचं असंच करायची. ती घाबरलीय."

मॅडमनी काकांकडे बघितलं.

"बरोबर असेल," काका म्हणाले. "मी भज्यांकडे बघत होतो."

शिक्का पडला. माझा दिवस मला परत! काका निमूट उठायला लागले, आणि नेमकी त्याच वेळी आईने गरम भजी वाढली. ते अर्धवट उठलेले तसेच थांबले.

मॅडम म्हणाल्या, "मूळ मालकाने लेखी दिलं तर पाच मिनिटं देता येतात. ती तुम्हाला परत मिळत नाहीत."

मी सही केली.

मग मी चपलांपाशी जाऊन उभी राहिले. आत ताई माझ्या ताटाकडे वळली आणि हळूच काहीतरी म्हणाली. काका भजं हातात धरून ऐकत राहिले, मग त्यांनी डोळे पुसले. मला एक शब्द ऐकू आला नाही. ती मिनिटं माझी नव्हतीच ना.

काका बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"ते पाच मिनिटांतलं आहे बाळ, मला बाहेर आणता येत नाही. पण फार छान होतं." चपला घालून ते मॅडमबरोबर जिना उतरून गेले.

मी जाऊन बसले. पाट अजून ऊबदार होता. ताईने तिची जिलबी माझ्या ताटात टाकली, मी तिचा हात धरला तो दुपारपर्यंत सोडलाच नाही. डाव्या हाताने मठ्ठा प्यायले! जून आठवलासुद्धा नाही.

पण मृणे, ती काय म्हणाली असेल गं? तू असतीस तर केली असतीस सही?