जपानी आगगाड्यांच्या राज्याची आणि बाईसाहेबांच्या हातांची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास नमन, वाग्देवतेस नमन, आणि ज्या कारागिरांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत त्यांसही नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सर, फाल्गुन वद्य पंचमी, ते दिवशी हे लिहावयास बसलो. राज्याचे नाव लिहू नये ऐसी राजांची मर्जी, म्हणोन लिहिले नाही. राज्य थोर नव्हे. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, आणि त्यांतील पूर्वेकडील खोली गाड्यांची, इतकाच मुलूख. राजे अंबादासराव तावडे, पूर्वी वजनमापे खात्यात निरीक्षक. बाईसाहेब कुमुदिनीबाई, रेडिओच्या कारखान्यात बारीक तारांची वेटोळी गुंडाळावयाच्या कामावर एकवीस वर्षे होत्या. कन्या एक, वैदेही, ती परमुलखी नांदत असे. राजांस छंद एकच, की जपान देशी पूर्वी बनलेल्या खेळण्यांच्या आगगाड्या, ज्यांच्या पोटात सेल घालितात आणि लहानशी मोटर असते, त्या जुन्यांत जुन्या मिळवाव्या, निळ्या रुळांवर मांडाव्या आणि चालवाव्या.

हा छंद कैसा लागला, तरी लग्नाच्या दुसरे वर्षी राजे जुन्या बाजारात गेले होते, तेथे पत्र्याचे लाल इंजिन आणि तीन डबे दृष्टीस पडले आणि ते उचलून घरी आणिले. बाईसाहेबांनी पुसिले, “चालते का?” राजे बोलिले, “चालत नाही. पण दिसते बघ कशी.” बाईसाहेब म्हणाल्या, “आगगाडी दिसायला कशाला? ठेवा इकडे.” आणि पोळपाट उपडा घालून त्यावर इंजिन उघडिले, सेल गळून गंज चढला होता तो खरवडला, मोटरीची जळकी तार सोडविली आणि कारखान्यातून मागून आणलेली केसासारखी तार नव्याने गुंडाळिली, आणि तिसरे दिवशी गाडी पलंगाखालून शिरली ती पलीकडून बाहेर आली. तेव्हांपासून कामाची वाटणी जाली. राजांनी शोध करावा, पत्रे लिहावी, कोणती गाडी कोणत्या साली बनली ते मुखोद्गत ठेवावे, आणि मेलेली मोटर बाईसाहेबांनी जिवंत करावी. ऐशी चाळीस वर्षे लोटली आणि त्रेसष्ट गाड्या जमल्या, आणि एकही गाडी नुसती शोभेस ठेविली ऐसे नव्हते. दूरदूरचे शौकीन पाहावयास येत, आणि राजांची वाखाणणी करून जात. राजे सर्वांस सांगत, “जमवणारा मी, चालवणारी ही.” परंतु लोक ते विनोदाचे समजत, आणि बाईसाहेब आत चहा ठेवीत.

पुढे शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सरी, चैत्रमासी बाईसाहेबांस सुईत दोरा ओवेना. प्रथम चष्म्याचा दोष म्हणोन चष्मा बदलला. मग उजवा हात स्वस्थ बसला असता आपोआप हलू लागला. वैद्यांनी पाहून सांगितले की हा कंपवात, औषधाने थोपेल, जाणार नाही. राजे घाबरे जाले. बाईसाहेब म्हणाल्या, “सकाळची गोळी घेतली की दोन तास हात ऐकतो. तेवढ्यात करीन काय करायचं ते.” आणि करीतही होत्या.

त्याच वर्षी मार्गशीर्षात एक थोर गोष्ट घडली. जपान देशी एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांजपाशी पांढरी-निळी वेगवान गाडी, लांब नाकाची, पंचावन्न वर्षांपूर्वीची, पेटीसुद्धा होती. राजांनी तीन वर्षे पत्रे लिहून त्यांचा लोभ संपादिला होता, आणि ती गाडी आली. राजांस आनंद मावेना. चौघां शौकिनांस बोलाविले, दरबार भरविला, आणि सर्वांसमक्ष कळ दाबिली तो गाडी हालेना. मग राजांनी सवयीने हाक मारिली, “कुमुद, बघ गं जरा.” वेळ दुपारची होती आणि गोळीचा अंमल उतरला होता. हे राजांच्या ध्यानी आले नाही, आणि चार माणसांदेखत बाईसाहेबांनीही सांगितले नाही. त्यांनी गाडी घेतली, बारीक पेचकस लाविला, आणि हात असा थरारला की पेचकस निसटून नाकाच्या सांध्यात रुतला. जुने प्लास्टिक, वाळक्या पानासारखे जालेले, ते टचकन मोडले आणि नाक दोन तुकडे होऊन खाली पडले. राजांनी गाडी बाईसाहेबांच्या हातून काढून घेतली आणि बोलिले, “पुरे. आता ह्यांना हात लावू नकोस.”

इतकेच बोलिले. मोठ्याने बोलिले नाहीत. बाईसाहेब उठल्या, हात धुतले, आणि चहा घेऊन आल्या. कपांतला चहा बशांत सांडला होता. तेव्हां एका शौकिनाने उठून तबक त्यांच्या हातून घेतले, आणि बाईसाहेब त्यास म्हणाल्या, “बरं झालं घेतलंत.” त्या दिवसापासून त्यांनी पूर्वेच्या खोलीत पाऊल ठेविले नाही.

राजांस प्रथम वाटले, राग आहे, उतरेल. पंधरा दिवस गेले, मग दोन महिने गेले. बोलणे-चालणे यथास्थित होते, जेवण सोबत, औषध वेळेवर, संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या. एके दिवशी राजांनी धीर करून पुसिले, “अजून रागावली आहेस का?” बाईसाहेब म्हणाल्या, “रागावले असते तर भांडले नसते का? तुम्ही खोटं काय बोललात?” राजे खाली मान घालून फेऱ्या घालीत राहिले.

मग गाड्या एकेक बंद पडू लागल्या. जुन्या मोटरी, काळजी घेणारे कोणी नाही, आज एकीचे दात झिजले, उद्या दुसरीची तार तुटली. सतरा गाड्या बंद जाल्या तेव्हां राजे एक इंजिन रुमालात बांधून यासीनमिया घड्याळजींकडे गेले. यासीनमियांनी भिंग लावून मोटर पाहिली आणि बहुत वेळ पाहिली, आणि विचारिले, “ही तार कुणी गुंडाळलीय?” राजे बोलिले, “आमच्या घरी.” यासीनमियांनी मोटर परत रुमालात ठेविली आणि म्हणाले, “साहेब, मी हात घातला तर ह्यात माझं काम दिसेल. ज्यानं केलंय त्याच्याकडेच न्या.” राजे दुकानाच्या पायरीवर येऊन बसले, आणि तेथे त्यांस कळो आले की चाळीस वर्षे आपण जे राज्य आपले म्हणत होतो ते कोणाचे होते.

त्यानंतर राजांनी आपणच शिकावयाचे मनी धरिले. वय वर्षे एकाहत्तर, हात वजने तोलावयास शिकलेले, बारीक काम ठाऊक नाही. डाख देता देता तर्जनी भाजली. रात्री डाव्या हाताने जेवू लागले तेव्हां बाईसाहेबांनी पुसिले, “काय झालं बोटाला?” “काही नाही.” “दाखवा.” दाखविले. बाईसाहेबांनी मलम आणिले आणि लावावयास गेल्या, तो मलम बोटास कमी आणि मनगटास अधिक लागले, आणि दोघेही ते मलम पाहात बसले. मग बाईसाहेब म्हणाल्या, “तार तापवतात, बोट नव्हे. उद्या सकाळी बसा. मी सांगते.”

दुसरे दिवशी त्यांनी पूर्वेच्या खोलीच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर, खुर्ची मांडविली. आत आल्या नाहीत. राजांनी म्हटले, “आत ये ना.” त्या म्हणाल्या, “इथून दिसतं मला.” आणि तेथून सांगू लागल्या, “आधी सेल काढा. आता झाकण. जोर लावू नका, ते आपणहून सुटतं. सुटेपर्यंत थांबा.” राजे थांबले, आणि झाकण सुटले. ऐसे रोज सकाळी दोन तास चालिले. चुका जाल्या, तारा तुटल्या, दोन मोटरी राजांनी कायमच्या मारिल्या. बाईसाहेब कधी रागे भरल्या नाहीत, इतकेच म्हणत, “परत करा.” आणि जी गाडी प्रथम चालिली, ती राजांनी रुळावर सोडिली तेव्हां बाईसाहेब खुर्चीवरून पुढे वाकल्या, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “तेल जास्त झालंय.” राजे म्हणतात की चाळीस वर्षांत कोणी इतकी मोठी शाबासकी दिली नाही. ऐशा रीतीने सतरांपैकी अकरा गाड्या उभ्या राहिल्या. पांढरी-निळी गाडी मात्र कपाटात होती तैशीच होती, तीविषयी दोघांनी अक्षर काढिले नाही.

पुढे रोगाने हात सोडून कंठ धरिला. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत संवत्सरी, बाईसाहेबांचा आवाज उतरू लागला. प्रथम दारातून ऐकू येईना, म्हणोन राजांनी आपले टेबल दाराशी ओढिले. मग टेबलाशीही ऐकू येईना. मग राजे काम टाकून उठत आणि कान त्यांच्या मुखाशी नेत, आणि ऐकून परत येऊन बसत. पुढे पुढे बाईसाहेबांस खुर्चीही सोसेना, आणि त्या पलंगावर निजून राहिल्या. वैदेही रजा काढून आली.

पुढील वर्षी आश्विनमासी एके दुपारी वैदेही औषधे आणावयास खाली गेली होती. राजे पलंगाशी बसले आणि जे चार वर्षे बोलावयाचे राहिले होते ते बोलिले. म्हणाले, “कुमुद, त्या दिवशी मी तुझ्या हातातून गाडी काढून घेतली. मी तुझा हात धरायला हवा होता. धरला असता तर काम झालं असतं. मला ते सुचलंच नाही. चुकलो मी.” बाईसाहेबांनी डोळे उघडिले. ओठ हालले. राजांनी कान जवळ नेला, परंतु अक्षर उमटले नाही, नुसता वारा लागला. राजे म्हणाले, “काय?” त्या पुन्हा बोलिल्या. पुन्हा कळले नाही. तिसरे वेळी पुसावे तर त्यांस श्रम, त्यांचा श्वास आधीच लागला होता. तेव्हां राजांनी मान हालविली आणि म्हणाले, “हो. कळलं.” बाईसाहेबांनी त्यांजकडे बहुत वेळ पाहिले आणि डोळे मिटिले. आणि तिसरे दिवशी पहाटे देह ठेविला.

दिवसकार्य जाले, पाहुणे गेले. वैदेही निघावयाच्या आदले दिवशी बापाजवळ बसून म्हणाली, “बाबा, मी खाली गेले होते तेव्हा आई तुमच्याशी काहीतरी बोलली ना? मी वर आले तर तुम्ही रडत होता. काय म्हणाली?” राजे म्हणाले, “माफ केलं म्हणाली असेल. की नाही केलं म्हणाली असेल. नाहीतर पाणी मागितलं असेल, पोरी. मला ऐकू आलं नाही.” वैदेहीने बापाचा हात आपल्या हाती घेतला आणि दोघे अंधार पडेपर्यंत बसली.

एवंच, राज्य आजमितीस उभे आहे, राजे हयात आहेत, आणि सकाळी दोन तास काम करितात. ज्या घडल्या त्या गोष्टी राजांच्या मुखे ऐकून लिहिल्या. बाईसाहेबांचे शेवटले बोल त्यांसच ऐकू आले नाहीत, म्हणोन येथे तितकी जागा कोरी ठेविली आहे.