दौलतराव साळिंदराची लांब गाडी

एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी, दौलतराव नावाचे एक साळिंदर राहत होते. घरात बायको सगुणाबाई, पाच पोरं आणि म्हातारे वडील आबा. बीळ ऐसपैस होतं. दारातच कंदमुळं उगवत. आणि प्रत्येकाच्या पाठीवर हातभर लांबीचे काटे होते. ते फुलवले की बिबट्यासुद्धा वाट बदलायचा. बाळांनो, एवढं सगळं असलं म्हणजे कुणीही सुखात राहील, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही अजून लहान आहात.

झालं असं, की शेजारच्या तरसाने एक छोटी गाडी घेतली. दौलतरावांची झोप उडाली. आपण मोठी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. लांबलचक, मागे डिकी असलेली, अख्खं कुटुंब एकत्र बसेल अशी. सगुणाबाईंनी विचारलं, की जंगलात रस्ता कुठे आहे? दौलतराव म्हणाले, गाडी आली की रस्ता होतो. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी जेवताना पुन्हा म्हटलं.

जंगलाच्या वेशीवर एका उदमांजराचं गाड्यांचं दुकान होतं. त्याने फायदे सांगितले. आत पाय लांब करून बसता येतं. डिकीत महिन्याचे कंद मावतात. काचा बटणावर खालीवर होतात. दौलतरावांचे पाय वीतभर होते आणि कंद आणायला त्यांना दारापलीकडे जावं लागत नसे. तरी त्यांनी प्रत्येक फायद्याला मान डोलावली. तोटे त्यांनी विचारलेच नाहीत. तोटे विचारले की आपण गरीब दिसतो, असं त्यांचं मत होतं.

गाडी आली. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. तरसाला दोन पेढे जास्त दिले, म्हणजे तेवढा वेळ त्याचं तोंड बघता येईल. मग कळलं, की गाडी उभी करायला जागाच नाही. म्हणून दारातला आवळा तोडला. पोरं त्याच्या सावलीत खेळायची. आता ती उन्हात उभी राहून गाडीकडे बघू लागली.

आतल्या सीटा लोण्यासारख्या मऊ होत्या. धाकटी ठकी पहिल्यांदा बसून उठली, तेव्हा सीटला तीन भोकं पडली होती. दौलतराव त्या भोकांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी फर्मान काढलं, की सगळ्यांनी काटे कापायचे.

"अहो, आणि बिबट्या?" सगुणाबाई म्हणाल्या.

"गाडीत बसणाऱ्यांना कसला आलाय बिबट्या?"

ओढ्यातल्या खेकड्याला बोलावलं. त्याने एकेकाला पुढ्यात घेऊन काटे मुळापासून कापले. संध्याकाळपर्यंत सगळं घर मोठ्या उंदरांचं दिसू लागलं. पोरं एकमेकांकडे बघून आधी हसली आणि मग रडली. सगुणाबाई काही बोलल्या नाहीत. हे मला त्यांच्या बाबतीत अजून खटकतं.

आबांनी मात्र खेकड्याला हात लावू दिला नाही.

"सीट तुझी आहे, दौलत. पाठ माझी आहे."

"मग तुम्ही चालत या," दौलतराव म्हणाले.

नवी गाडी आधी कुलदैवताला दाखवायची, अशी रीत आहे. साळिंदरांचं कुलदैवत काटाई. तिचं ठाणं टेकडीपलीकडे. घरातल्या प्रत्येकाने तिला आपला एक काटा वाहायचा असतो. कापलेल्या काट्यांची जुडी बांधून डिकीत टाकली. मोठ्या डिकीचा हा असा फायदा असतो, हे दौलतरावांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. आता साळिंदरं खरं तर रात्री हिंडतात. पण रात्री गाडी कुणाला दिसणार? म्हणून ते भर उन्हात निघाले.

पहिल्याच उंचवट्याला गाडीचं पोट टेकलं. गाडी लांब होती, ठेंगणी होती, आणि आत अख्खं कुटुंब होतं. कुटुंब उतरलं की ती अलगद पुढे जाई. कुटुंब बसलं की पुन्हा टेके. मग दौलतराव एकटे गाडीत आणि बाकीचे मागे चालत, असं ठरलं. घरातले सगळे एकत्र जावेत म्हणून घेतलेली गाडी ती. आबा काठी टेकत निघाले होते. दोनदा गाडीने त्यांना मागे टाकलं आणि तीनदा त्यांनी गाडीला.

खिंडीत एक वारूळ आडवं आलं. त्यावर गाडी अशी बसली, की चाकं नुसती चिखल उडवू लागली. सगुणाबाई आणि पोरं मागून ढकलू लागली. दौलतराव आत स्टिअरिंग धरून सूचना देत होते.

तेवढ्यात झाडीतून बिबट्या बाहेर आला.

तो आधी बुचकळ्यात पडला. वास साळिंदराचा होता आणि अंग उंदराचं. साळिंदर असतं तर तो वाटेला गेला नसता. त्याने दोन पावलं पुढे टाकली. कुणाचेच काटे फुलले नाहीत. मग त्याची खात्री पटली.

पोरं किंचाळत दरवाजाकडे धावली. दरवाजा बंद होता. दौलतरावांना बिबट्या दिसला होता, हे लक्षात ठेवा. पण त्यांना पोरांचे पायही दिसले, ढोपरापर्यंत चिखलाने भरलेले. त्यांनी काच दोन बोटं खाली केली.

"पाय पुसून या," ते म्हणाले.

आणि बाळांनो, पोरं खरंच पाय पुसू लागली. बापाची सवय होती त्यांना.

ठकी सगळ्यात मागे होती. बिबट्याने तिच्या उघड्या पाठीवर पंजा ठेवला. सगुणाबाईंनी त्याच्या शेपटीला दात लावले, पण त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो तोंड खाली नेणार, एवढ्यात पलीकडून खडखड आवाज झाला. आबा काठी टाकून, सगळे काटे फुलवून, पाठमोरे धावत येत होते. ते तसेच बिबट्याच्या तोंडावर आदळले. सात काटे त्याच्या नाकात राहिले. बिबट्या ओरडत खिंडीबाहेर पळाला आणि आबा धापा टाकत गाडीला टेकले.

पोरं आबांना बिलगली, जमेल तेवढी.

दौलतराव दार उघडून बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या दारापाशी ते थांबले आणि मट्कन खाली बसले. तिथे आबांच्या काट्याचा वीतभर ओरखडा उठला होता. दौलतराव रडले. अगदी मनापासून रडले. लग्नात बहिणीची पाठवणी करतानाही ते इतके रडले नव्हते.

"आबा, जरा बघून तरी यायचं होतं."

सगुणाबाईंनी डिकी उघडली, काट्यांची जुडी डोक्यावर घेतली, आणि आबांना व पोरांना घेऊन त्या चालू लागल्या. दौलतराव गाडी राखायला मागे राहिले. आतून चारी दारं लावून, थुंकी लावलेल्या फडक्याने, उघड्या काचेतून हात बाहेर काढून ते ओरखडा पुसत होते.

काटाईच्या ठाण्यावर ठकीने आपला काटा वाहिला आणि डोळे मिटून मागणं मागितलं.

"आई, बाबा गाडी काढून घरी यायच्या आत माझे काटे येऊ देत."

तात्पर्य : मोठी गाडी घेणाऱ्याने घरातल्या काटेवाल्या म्हाताऱ्याला गाडीपासून दहा हात दूर ठेवावं. काटे काय, पुन्हा उगवतात. पोरंही पुन्हा होतात. पण दारावरचा ओरखडा कितीही पॉलिश केला, तरी उन्हात दिसतोच.