घड्याळजींची जोडी

चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडायची कल्पना घड्याळजींचीच होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल दुसऱ्या कोणाच्या नावाने बोटं मोडायची सोयही त्यांना उरली नाही.

जोड्यांच्या फिगर स्केटिंगचा हंगाम सुरू झाला, की शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी टीव्हीसमोर मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे स्वतः घड्याळजी, औषधांच्या दुकानात बसणारी त्यांची बायको, बायकोची आई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या बाई, आणि खालच्या मजल्यावरचे बेकरीवाले नवरा-बायको. यातल्या एकानेही कधी बर्फावर पाय ठेवला नव्हता. पण हवेत फेकलेली बाई एका पायावर उतरली की तिने हळूच दुसराही टेकवला, हे या लोकांना परीक्षकांच्या आधी दिसायचं. आणि परीक्षकांना दिसलं नाही, तर परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

यंदा समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर मंडळात आले. माणूस एकटा, उंच, गोड बोलणारा. दात असे, की हसले की टूथपेस्टची जाहिरात लागली असं वाटावं. घड्याळजींना ते पहिल्या दिवसापासून खटकले, पण एखाद्याला दात चांगले आहेत म्हणून घराबाहेर काढता येत नाही.

भानगड झाली ती बेकरीवाल्यांमुळे. नवऱ्याने एखाद्या जोडीला सात गुण दिले, की बायको चार देणार. बायकोने आठ दिले, की नवऱ्याला त्यात खोट दिसणार. दर शनिवारी टीव्ही बंद व्हायचा, पण यांचं चालूच. शेवटी घड्याळजी म्हणाले, "आपण बघतो जोड्या, तर बघणाऱ्यांनीही जोडीनेच बसावं. चिठ्ठ्या टाकू. दोघांनी मिळून दहापैकी एकच गुण द्यायचा, एकमताने. ज्या जोडीचा अंदाज परीक्षकांच्या निकालाशी जास्त जुळेल, तिला पुढच्या शनिवारी सोफा."

सोफा दोघांचाच होता. बाकीच्यांनी खुर्च्यांवर आणि स्टुलांवर बसायचं.

"आणि मध्येच कुरकुर नको," घड्याळजींनी बजावलं. "हंगाम संपेपर्यंत जोडी मोडायची नाही. बर्फावरचे लोक मोडतात का?"

बेकरीवाल्याच्या टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या. बेकरीवाल्याला बेकरीवालीच मिळाली. घड्याळजींच्या बायकोला डॉक्टर मिळाले. आणि घड्याळजींना मिळाल्या सासूबाई.

"वा!" डॉक्टर हसले. खोलीत उजेड पडला. "वहिनी, आता आपली खैर नाही."

"आता यांची खैर नाही म्हणा!" बायको म्हणाली आणि तिने टाळीसाठी हात पुढे केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, घड्याळजींना आठवेना की आपल्याला तिने टाळी शेवटची कधी दिली.

पहिल्याच शनिवारी ती दोघं जिंकली. पुढच्या शनिवारी घड्याळजी आपल्याच घरात, आपल्याच सोफ्याच्या मागे, स्टुलावर बसले होते. समोर टीव्ही आणि मध्ये बायकोचं आणि डॉक्टरांचं अशी दोन डोकी.

आता घड्याळजींचा हातखंडा होता संगतीत. शेजारी शेजारी गिरक्या घेणाऱ्या दोघांत किंचित जरी मागेपुढे झालं, तरी त्यांना आधी कळायचं. दिवसभर कानाशी घड्याळं धरून टिकटिक ऐकणाऱ्याला असली तफावत लपत नाही. सवयच ती, डोळे जिथे दोन जीव दिसतील तिथे संगती शोधायचे. त्या संध्याकाळी त्यांना टीव्हीवरची जोडी दिसलीच नाही. सोफ्यावरची दिसली.

पडद्यावरच्या पुरुषाने बाईला फेकली. सोफ्यावरची दोन्ही डोकी एकदम वर गेली. दोघांनी एकदम श्वास धरला. बाई उतरली, तशी दोघं एका दमात म्हणाली, "सुटली!" मग दोघांचे हात शेंगदाण्याच्या वाटीकडे गेले, तेही एकाच वेळी, आणि एकमेकांना न लागता परत आले.

घड्याळजींच्या अंगाचा तिळपापड झाला. पण माणूस प्रामाणिक. खोट काढायला त्यांनी जंग जंग पछाडलं, आणि सापडली नाही. मनातल्या मनात त्यांना त्या दोघांना दहापैकी आठ द्यावे लागले. स्वतःच्या बायकोला परक्या माणसाबरोबर आठ गुण देण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"जावईबापू," सासूबाईंनी कोपर मारलं. "टीव्ही तिकडे आहे."

"बघतोय."

"काय बघताय? हिरव्या कपड्यांतली जोडी झाली, तिला किती द्यायचे सांगा."

"आठ," घड्याळजी तंद्रीत म्हणाले.

"आठ? ती दोनदा पडली!"

त्या शनिवारी घड्याळजी आणि सासूबाई शेवटून पहिले आले. त्याच्या पुढच्याही. शाळेच्या मैदानावर कोणाचं काही ऐकून न घेतलेल्या सासूबाईंना हरायची सवय नव्हती. त्या जावयाशी फक्त कामापुरतं बोलू लागल्या. सोफा मात्र जसा काही डॉक्टरांच्या नावावरच झाला होता.

त्यातच डॉक्टरांनी एक पिल्लू सोडलं. "वहिनी, वळताना पाय कुठे झुकतो ते टीव्हीवर कळत नाही. रविवारी दुपारी बर्फाच्या रिंकवर चला. मी लहानपणी शिकलोय थोडं. हाताला धरून दाखवतो."

"हाताला धरून" हे शब्द घड्याळजींच्या कानात शिरले आणि तिथेच बसले.

"मीही येतो," ते म्हणाले.

बायको चकित झाली. "तुम्ही? अहो, फ्रीजमधला बर्फ काढताना तुम्हाला हातमोजे लागतात."

"लागू देत. येतो म्हणजे येतो."

"जावई निघाले तर मीही निघाले," सासूबाई म्हणाल्या. "जोडी म्हणजे जोडी." मग बेकरीवाले तरी कशाला मागे राहतात?

रिंकवर गर्दी होती. घड्याळजींनी भाड्याचे स्केट्स चढवले, नाड्या बांधल्या आणि उभे राहिले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं ज्यांना नावं ठेवत आलो, ते लोक निदान उभे तरी राहू शकत होते. कठडा दोन्ही हातांनी कवटाळून ते बर्फावर उतरले. शेजारी सासूबाई. त्यांनी एक फेरी कठड्याला धरून मारली, दुसरी बोटांनी नुसता स्पर्श करत, आणि तिसरी हात सोडून.

"पोट आत घ्या आणि गुडघे वाकवा," त्या म्हणाल्या. "एवढं काय अवघड आहे यात?"

घड्याळजींचं लक्ष नव्हतं. रिंकच्या मधोमध डॉक्टर उलटे, पाठीमागे सरकत होते आणि बायकोचे दोन्ही हात धरून तिला ओढत नेत होते. बायको हसत होती. बर्फाच्या गारव्याने तिचे गाल लाल झाले होते. ती छान दिसत होती, आणि ती छान दिसतेय हे आपल्याला दुसऱ्याच्या हातात पाहून कळावं, म्हणून घड्याळजींनी कठडा आणखी घट्ट आवळला. मग वळण शिकवायला डॉक्टरांनी तिच्या कमरेला हात लावला.

बस्स! घड्याळजींनी कठडा सोडला.

त्यांचा बेत साधा होता. जायचं आणि दोघांच्या मध्ये उभं राहायचं. जाणं फारच चांगलं जमलं. उभं राहण्याचा मात्र प्रश्न होता. रिंकचा बर्फ त्यांना जणू उतारावर लावलाय असा पुढे ओढू लागला. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, जो नंतर बेकरीवाली सगळ्यांना काढून दाखवायची.

"जावईबापू, थांबा!" सासूबाई मागून सुसाट आल्या आणि त्यांनी जावयाचा हात मनगटाशी पकडला.

इथे थोडं सांगायला हवं. जोड्यांच्या स्केटिंगमध्ये एक प्रकार असतो. पुरुष गुडघे वाकवून एका जागी खुंट्यासारखा रुततो आणि बाई त्याच्या एका हाताला धरून, डोकं बर्फाला टेकायला आलंय अशी त्याच्याभोवती फिरते. याच्या इंग्रजी नावात मरण आहे, ते ऐकून बेकरीवालीला धडकी भरायची, म्हणून मंडळाने त्याला घरगुती नाव ठेवलं होतं, जातं. चांगलं जातं फिरवायला जोड्यांना वर्षानुवर्षं लागतात.

घड्याळजींनी थांबण्यासाठी बुटाचं टोक बर्फात खुपसलं. गुडघे आपोआप वाकले, कारण त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ते जागच्या जागी रुतले. पण सासूबाईंचा वेग होता तसाच होता, आणि त्या काही हात सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या वळल्या, कलल्या, पाठ बर्फाला समांतर झाली, आणि त्या जावयाभोवती फिरू लागल्या. एक चक्कर. पी.टी.च्या बाईंची कंबर अजून वाकत होती. दुसऱ्या चकरेला, काय झालंय ते बघायला डॉक्टर धावत आले, आणि सासूबाईंच्या पायांनी त्यांचे दोन्ही पाय गवत कापावं तसे कापून नेले.

डॉक्टर तोंडावर पडले. सासूबाईंनी चक्कर पूर्ण केली आणि जावयाच्या हाताला हिसका देऊन सरळ उभ्या राहिल्या. अख्खी रिंक थांबली होती. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनीच.

"सात!" कठड्यावरून बेकरीवाला ओरडला.

"सातच!" बेकरीवाली ओरडली. न भांडता झालेलं त्यांचं हे पहिलंच एकमत.

डॉक्टर उठून बसले. त्यांच्या समोरच्या एका दाताचा कोपरा उडाला होता. "काही नाही, काही नाही," ते रुमालाआडून म्हणत होते. "डॉक्टर मित्राकडून नीट करून घेईन." खरं सांगायचं तर घड्याळजींना थोडं वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती ना डॉक्टरांकडे बघत होती, ना टाळ्या वाजवत होती. कमरेवर हात ठेवून ती आपल्या आईकडे बघत होती.

घरी येताच ती तडक आत गेली. सासूबाई खुशीत आपल्या खोलीत पाय चोळत बसल्या. स्वयंपाकघरात कपबशा मात्र जरा जास्तच आपटत होत्या. घड्याळजी लंगडत आत गेले.

"लागलं का गुडघ्याला?" बायकोने पाठमोरीच विचारलं.

"नाही फारसं."

"लागायला हवं होतं."

"अगं, डॉक्टरांना मी मुद्दाम नाही पाडलं..."

"डॉक्टर गेले खड्ड्यात!" ती वळली. "आईचा हात कसा धरला होतात!"

"मी कुठे धरला? त्यांनीच धरला."

"पण सुटला नाही ना! रस्ता ओलांडताना माझा हात धरता का कधी? दोन पावलं पुढे चालता. पलीकडे पोचल्यावर मागे वळून बघता, ही आलीय का. आणि आईला बघा, टाळ्या काय मिळाल्या. मला कधी म्हणालात, चल रिंकवर? इतकी वर्षं टीव्हीवरच्या बायकांचे हातपाय तपासता, मी शेजारी बसलेली दिसले का कधी?"

घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. ती दिसली होती, पण दुसऱ्याच्या शेजारी बसल्यावर.

"मी जळत होतो," ते म्हणाले. "रोज. तुम्हा दोघांवर. मनातल्या मनात तुम्हाला आठ गुण दिले होते."

"आठ?" बायको जराशी सैलावली. "आम्हाला? कशाचे?"

"संगतीचे."

तिने हातातली कपबशी हळूच खाली ठेवली. राग उतरत होता, दिसत होतं. इथे शहाण्या नवऱ्याने चहा मागून घेतला असता. पण तिने विचारलं, "आणि तुम्हाला आणि आईला किती?"

घड्याळजींनी विचार केला. खोटं सहज बोलता आलं असतं. पण गुणांच्या बाबतीत या माणसाने आजवर कोणाची भीडभाड ठेवली नव्हती.

"साडेआठ," ते म्हणाले. "शेवट फार चांगला झाला."

बायकोने गॅस बंद केला. चपला काढून भिरकावल्या. नुसत्या मोज्यांनी ती गुळगुळीत फरशीच्या पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. "या इकडे. बसा खाली."

"अगं, गुडघा..."

"आईच्या वेळी होता का गुडघा?"

घड्याळजी बसले. तिने त्यांचं मनगट पकडलं, अंग मागे टाकलं आणि फिरायला गेली. अर्ध्या चकरेत तिचा पाय चपलांच्या रॅकला लागला, रॅक कलंडला, घड्याळजी मागे आपटले आणि ती त्यांच्या अंगावर येऊन पडली. दोघंही तशीच पडून राहिली. ती हसू दाबत होती आणि तिने मनगट अजून सोडलं नव्हतं. घड्याळजींनीही तिचं सोडलं नाही. त्यांना वाटलं, असंच जेवणाच्या वेळेपर्यंत पडून राहावं.

खोलीचं दार उघडलं. हाताची घडी घालून सासूबाई उभ्या होत्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "कार्टे, मान किती ताठ ठेवलीस! आणि जावईबापू, बघा तिच्याकडे, फरशीकडे काय बघताय? उठा. पुन्हा."

"आई, तू जा ना आत," बायको खालूनच म्हणाली.

"मी कशाला जाऊ?" सासूबाईंनी स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या. "जोडी माझी आहे. हंगाम संपेपर्यंत तुला नुसती वापरायला दिलीय."