वाघोबाच्या डोक्यावरची पिन

एका जंगलात, मुलांनो, एक पोकलेन होतं, आणि एका सकाळी त्यातून 'कट्ट' असा आवाज आला.

एवढासाच. दाताखाली खडा यावा तसा. अस्वलाने दांडा ओढला, आधी 'कट्ट' झालं आणि मग बकेट वळली. तळ्यातला गाळ काढायला आणलेलं यंत्र होतं ते. आवाज सगळ्यांनी ऐकला. दचकली फक्त भेकरी.

भेकरी म्हणजे एक लहानसं हरीण. घाबरलं की ते भुंकतं. (हसू नका. आपणही काही कमी नाही.) ही भेकरी कॉलेजात यंत्रं शिकून आली होती, म्हणून पोकलेनची देखभाल तिच्याकडे होती. देखभाल करायची, पण हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

तिने सांध्यापाशी नाक नेलं. बकेट जिथे जोडलेली असते, तिथे जाड लोखंडी पिना असतात. पिन फिरते बुशमध्ये. बुश म्हणजे पिनेच्या हातातली बांगडीच समजा. दोघांच्या मध्ये ग्रीस हवं. इथे ग्रीसचा थेंब नव्हता. पिन झिजली होती, बुश लंबगोल झालं होतं, आणि मधल्या फटीत करवंदाची बी सहज मावत होती.

"अस्वलकाका, पिन-बुश गेलेत!"

"जातील कुठे? मी सकाळपासून इथेच बसलोय."

"ग्रीस कधी दिलं होतं?"

"रोज देतो की! पण ते घेतच नाही. सगळं बाहेर येतं. मग वाया कशाला घालवायचं? मी अंगाला लावतो."

अस्वल खरोखर फार चकाकत होतं.

भेकरीने खुराने जरा खरवडून पाहिलं. ग्रीस आत जायचं भोक रंगाखाली बुजलं होतं. दर खंडेनवमीला, पूजेच्या आदल्या दिवशी, पोकलेनला नवा पिवळा रंग द्यायचा अशी तिथली रीत. यंत्राला रंग, भोकालाही रंग, वर हळद-कुंकू. सात वर्षं, सात थर.

"मी रंग काढते," भेकरी म्हणाली.

"खबरदार!" मागून कोल्हा ओरडला. भेकरी तीन फूट उडाली. कोल्हा हा वाघोबाचा दिवाण. "परवा महाराजांचा वाढदिवस. याच बकेटमधून त्यांच्यावर फुलं उधळायची आहेत. ओरखडा दिसला तर फोटो बिघडेल."

"पण पिन निसटली तर बकेट डोक्यात पडेल महाराजांच्या!"

"शुभ बोला की हो ताई! फारच वाटत असेल तर लिंबू-मिरची बांधा."

बांधली. आवाज 'कट्ट'वरून 'खडाक'वर गेला.

मग भेकरीने सुतारपक्ष्याला फोन लावला. जंगलातला तो एकुलता एक मिस्तरी. फोनवर एक मैना म्हणाली, "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे." मग सनई लागली. भेकरीने दोन दिवस सनई ऐकली.

वाढदिवस उजाडला. फटीत आता आंब्याची कोय मावत होती.

बकेटमध्ये पाच पोती पळसाची फुलं भरली. वाघोबा खाली उभा राहिला आणि त्याने मिशा सारख्या केल्या. बकेट वर चढू लागली. खडाक. खडाक.

"महाराज, बाजूला व्हा!" भेकरी जिवाच्या आकांताने भुंकली.

"पाहा," कोल्हा माइकवर म्हणाला, "आमच्या भेकरीताईंनाही आनंद आवरेना!"

खडाक!

एक पिन निसटली आणि घरंगळत भेकरीच्या पायाशी आली. बकेट उरलेल्या पिनेवर लोंबकळत उलटी झाली. पाचही पोती एकदम खाली आली. वाघोबा दिसेनासा झाला. दिसत होती नुसती शेपटी.

अस्वलाने दांडा सोडला.

मग फुलांतून एक डोकं वर आलं. "वा! अशी उधळण पलीकडच्या जंगलातल्या वाघाचीही झाली नसेल. पुन्हा करा!"

"पुन्हा! पुन्हा!" सगळं जंगल नाचू लागलं. अस्वलाने हौसेने दांडा धरला. बकेट वाघोबाच्या टाळूच्या बरोब्बर वर, एका पिनेवर झुलत होती.

भेकरीने फोन कानाला लावला. सनई. सनई. आणि सनई थांबली.

"हां, बोला," सुतारपक्षी म्हणाला.

"दादा, पोकलेनची पिन! नवी घेऊन या, आत्ताच्या आत्ता!"

"देऊ की ताई. पण आधी जुनी काढून आणा. नमुन्याशिवाय आम्ही देत नाही."

भेकरीने पायाशी पाहिलं, मग वर पाहिलं.

"एक आपोआप निघालीय, दादा," ती म्हणाली. "दुसरी निघतेच आहे."

तात्पर्य: मुलांनो, पिन निसटण्याआधी कधीही ओरडू नये. आधी ओरडणाऱ्याला भित्रा म्हणतात. नंतर ओरडणाऱ्याकडे निदान नमुना तरी असतो.