सदतिसाव्या नंबरची कुस्ती

"काय हो, तुमच्या यादीत आमची कुस्ती कितवी आली?" साहेबांनी जिन्यातच गाठून विचारलं, आणि दशांशरावांच्या हातातली वजनांची पेटी त्यांच्याच पायावर पडता पडता वाचली.

दशांशराव वजनमापे कार्यालयात निरीक्षक. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, बरोबर असेल त्याच्यावर शिक्का मारायचा, चुकीचा असेल तो जप्त करायचा, हे त्यांचं काम. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. दशांश हे नाव पडलं ते त्यांच्या यादीमुळे. टीव्हीवरच्या कुस्त्या, त्या रंगीत चड्ड्यांच्या, धुरातून येणाऱ्या आणि खुर्च्या डोक्यात घालणाऱ्या पैलवानांच्या, ते वर्षभर बघायचे आणि वर्ष संपलं की त्यातल्या उत्तम साठ कुस्त्यांची क्रमवार यादी करायचे. प्रत्येक कुस्तीला वेग, दम, उडी, पडण्यातला अभिनय अशा दहा रकान्यांत गुण, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत.

कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गुण आधी ठरलेले नसत, याचा त्यांना अभिमान होता. बाकी आयुष्यात ते तुमच्याआमच्यासारखेच. साहेबांचा विनोद संपायच्या आत हसायचे, सासऱ्यांच्या कवितांना वाहवा करायचे, आजारपणाच्या रजेत तब्येत ठणठणीत ठेवायचे. खरं बोलायला म्हणून माणसाला एक जागा लागते. दशांशरावांनी ती टीव्हीसमोर राखून ठेवली होती.

"आमची कुस्ती म्हणजे साहेब?"

"अहो, लोखंडी आजोबांची! वीजपुत्राला लोळवला ती. काय कुस्ती होती! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, निवृत्तीतून परत आला आणि त्या पोराला पाणी पाजलं. अनुभव, अनुभव म्हणतात तो हा." साहेबांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि वरचे लोक त्यांना आत्तापासूनच निरोपाच्या नजरेने बघू लागले होते. "पहिलीच असणार म्हणा. रविवारी संध्याकाळी घरीच येतो तुमच्या. वाचून दाखवा यादी. सोमवारी मला ते बढतीचं शिफारसपत्रही लिहायचंय."

साहेब हे दोन विषय एका श्वासात बोलले आणि वर निघून गेले.

बढती मुख्य निरीक्षकाची होती. बदली दुसऱ्या गावी, पण स्वतंत्र खोली आणि त्या खोलीला दार. एकोणीस वर्षं दशांशराव प्रसाधनगृहासमोरच्या टेबलावर बसत होते आणि आत कोण किती वेळ होतं हे त्यांना इच्छा नसताना कळत होतं. दार म्हणजे काय, हे त्यांनाच विचारावं. उमेदवार दोनच होते, एक ते आणि दुसऱ्या म्हणजे पलीकडच्या टेबलावरच्या बाई. बाई कामाला चोख, पण जीभ तिखट. गेल्याच आठवड्यात साहेब आजोबांचा महिमा सांगायला लागले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "साहेब, असल्या लुटुपुटूच्या मारामाऱ्या बघायला मला वेळ नसतो." साहेबांचा चेहरा पडला होता. दशांशरावांना त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं होतं.

अडचण एवढीच होती की आजोबांची कुस्ती यादीत सदतिसावी होती. गुण एक्केचाळीस पूर्णांक पंचवीस शतांश. खरं तर हेही दयेपोटी. बावीस मिनिटांच्या कुस्तीत आजोबा एका जागी उभे होते. वीजपुत्र लांबून धावत यायचा, त्यांच्या पोटावर आपटायचा आणि आपणच पडायचा. असं सहा वेळा झाल्यावर तो उठायचा कंटाळला आणि पंचाने आजोबांचा हात वर केला. तोही पंचालाच करावा लागला, कारण आजोबांचा खांदा अवघडला होता.

"मग घाला की पहिली!" बायको म्हणाली. "त्यात काय एवढं? कुस्ती खोटी, यादी खोटी."

"कुस्ती खोटी असते. यादी खोटी नसते."

"अगं बाई! हरिश्चंद्रच की! मागच्या महिन्यात माझ्या भावाला सांगितलंत की तुम्ही गावाला गेलाय, आणि गॅलरीत उभं राहून सांगितलंत."

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. दार हवंय ना? मग मुकाट्याने कुस्ती वर सरकवा."

दशांशरावांनी नुसता आकडा बदलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणूस हाडाचा निरीक्षक होता. काटा खोटा करायचा तर तोही नियमाला धरून. त्यांनी अकरावा रकाना आखला, स्थैर्य. आजोबा जागचे हलले नव्हते, म्हणून त्यांना दहापैकी दहा. आता नियम म्हणजे नियम, तो सगळ्यांना लावायला हवा. दशांशराव घड्याळ लावून साठही कुस्त्या पुन्हा बघायला बसले.

बुधवारपर्यंत आजोबा एकोणिसावे झाले. पण ज्या कुस्तीत एक पैलवान तिसऱ्याच मिनिटाला बेशुद्ध पडून शेवटपर्यंत तसाच पडून होता, ती स्थैर्याच्या जोरावर तिसरी आली. म्हणून बारावा रकाना, शुद्धीत असणे. तेवढ्याने आजोबा वर सरकेनात, म्हणून तेरावा, वय. त्याबरोबर एका पैलवानाचा एकाहत्तर वर्षांचा व्यवस्थापक, जो छत्री शोधायला चुकून रिंगणात शिरला होता, थेट पहिल्या नंबरवर जाऊन बसला. त्याला खाली खेचायला चौदावा रकाना, स्वेच्छेने रिंगणात येणे.

प्रत्येक रकान्याला साठ कुस्त्या पुन्हा. दशांशरावांनी तीन दिवस रजा टाकली. बायकोची मालिका बंद पडली. सुरुवातीला ती तणतणली, मग हातात काम हवं म्हणून घड्याळ धरायला बसली. शुक्रवारी तिने पहिला आक्षेप नोंदवला.

"थांबा, मागे घ्या जरा. हेडमास्तरला उडीचे चारच? डोळ्यांवर चष्मा ठेवून उडी मारलीय त्याने. चष्मा पडला नाही!"

हेडमास्तर हा खलनायक. कोट घालून यायचा आणि पंचाची पाठ वळली की फळा पुसायच्या डस्टरने मारायचा. घराघरात त्याला शिव्या बसत.

"तो लबाड आहे," दशांशराव म्हणाले.

"लबाड असला म्हणून काय, मेहनत बघा की! आणि हे तुमचे आजोबा. ह्यांना कशाचे गुण देताय, उभं राहण्याचे? तसं तर आपलं कपाटही उभं आहे."

"अगं, तूच म्हणालीस ना, वर सरकवा म्हणून?"

"तेव्हा मी बघितली नव्हती!"

शनिवारी चौदाव्या रकान्याची बेरीज झाली आणि आजोबा पहिले आले. ऐंशी पूर्णांक पंचाहत्तर शतांश. दशांशरावांनी यादी स्वच्छ अक्षरात उतरवली. आपण अठरा ग्रॅमचं वजन वीस म्हणून पास केलंय असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाज दाराबाहेर राहील अशी त्यांची अटकळ होती.

"उद्या तू फक्त चहा आण," त्यांनी बायकोला बजावलं. "तोंडातून अवाक्षर काढू नकोस."

"मला काय करायचंय? मी कशाला बोलू?"

रविवारी साहेब आले, ऐसपैस बसले. दशांशरावांनी खाकरून साठाव्या नंबरापासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या नंबरवर हेडमास्तर आला तेव्हा स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मग दशांशरावांनी आवाज चढवून जाहीर केलं, "आणि पहिला क्रमांक, लोखंडी आजोबा!"

साहेबांचे डोळे भरून आले. "म्हटलं नव्हतं? वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. दशांशरावांनी डोळ्यांनी हात जोडले.

"खरं सांगू साहेब?" वहिनी म्हणाल्या. "ही कुस्ती पहिली असेल तर मी बसच्या थांब्यावर दररोज जिंकते. अहो, अकराव्या मिनिटाला पंचाने जांभई दिलीय! मी घड्याळ लावून बघितलंय."

दशांशरावांना मनातल्या मनात दार मिटल्याचा आवाज आला.

"जांभई?" साहेब सावकाश म्हणाले. "दाखवा."

वहिनींनी कुस्ती लावली. जांभई निघाली. साहेब म्हणाले, तो दम खात होता. वहिनी म्हणाल्या, दम खाताना कोणी तोंडावर हात धरत नाही. साहेबांनी कोट काढला. वहिनींनी हेडमास्तरची चष्म्यासकट उडी चार वेळा दाखवली. साहेबांनी आजोबांच्या पोटाच्या बाजूने जोरदार युक्तिवाद केला. दशांशरावांनी दोनदा चहा केला, एकदा ठेचलेलं आलं घालून. त्यांना कोणी काही विचारलं नाही. साहेब निघाले तेव्हा घसा बसला होता आणि चेहरा फुलला होता. "वहिनी, पुढच्या शनिवारी येतो. उरलेलं भांडू," ते म्हणाले.

सोमवारी शिफारसपत्र गेलं, मंगळवारी ते सगळ्यांना कळलं. बढती बाईंना.

दशांशराव साहेबांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच न विचारता खुर्चीवर बसले.

"साहेब, माझं काय चुकलं? घरी ती जरा जास्त बोलली, पण—"

"चुकलं? तुमचं?" साहेब चकित झाले. "अहो, वीस वर्षांत माझ्याशी कोणी कुस्तीवर दोन वाक्यं बोललं नव्हतं. घरी मी टीव्ही लावला की सगळे उठून जातात. आणि तुमच्याकडे काय सुंदर संध्याकाळ गेली! तुम्हाला त्या परगावी पाठवून मी इथे काय भिंतीशी बोलू? निवृत्तीपर्यंत तुम्हाला हलवू देत नाही. तसं लिहूनच टाकलंय, कार्यालयाच्या हितासाठी यांना येथेच ठेवणे आवश्यक."

"आणि बाई?"

"त्या?" साहेबांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "लुटुपुटूच्या मारामाऱ्या म्हणाल्या ना? असलं माणूस रोज डोळ्यांसमोर कशाला? दिली वर पाठवून."

दशांशराव टेबलावर येऊन बसले. पहिल्याच दिवशी जिन्यात 'सदतिसावी' असं खरं सांगून टाकलं असतं तर आज साहेबांनी आपल्यालाही रागाने वर पाठवलं असतं, हा हिशेब त्यांना न मांडताच जमला. त्याला एकही रकाना लागला नाही.

शनिवारी बाई आपलं सामान खोक्यात भरून निरोप घ्यायला आल्या. डोळे ओलावले होते. "मोठ्या मनाचा माणूस हो," त्या साहेबांच्या खोलीकडे बघत म्हणाल्या. "मी एवढं तोंडावर तोडून बोलले, पण मनात काही ठेवलं नाही. नाहीतर हल्ली खरं बोलणाऱ्याला कोण वर जाऊ देतं?"

"अगदी खरंय," दशांशराव म्हणाले आणि त्यांचं खोकं उचलून जिन्यापर्यंत पोचवून आले. परत येतात तो टेबलावरचा फोन वाजत होता.

"अहो, निघताना साहेबांना घेऊनच या," बायको सांगत होती. "आणि येताना दूध आणा. मागच्या वेळेसारखं मधेच उठून चहा करू नका, करून ठेवा आणि मग बाहेर जाऊन बसा. आम्हाला व्यत्यय होतो."