चारशे एकोणतीस कोटी अंश

कर्नलमधल्या चुका पकडण्यात माझा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता! निदान मी तरी तसं सांगत फिरायचो.

कर्नल म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारा मुळातला प्रोग्राम. आम्ही तो शीतगृहांच्या यंत्रांसाठी लिहायचो. शेजारच्या टेबलावरचे काका, निवृत्तीला आठवडा उरलेले, कोड कागदावर छापून घ्यायचे. उणे होऊ शकणारा आकडा तांबड्या पेन्सिलीने, कधीच उणे न होणारा निळ्या. तांबडा निळ्यात शिरला की भोवती गोल!

"काका, ठेवा त्या पेन्सिली! मी तपासनीस प्रोग्राम बसवतोय. कोड न चालवता, नुसता वाचून आकड्यांची गफलत सांगेल."

"बसव की. पण सांगितलं तर ऐकशील ना?"

"म्हणजे काय!"

तपासनिसाने सांगितलं. तीन हजार चारशे बारा वेळा! दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ मॅडम ग्राहकाला यंत्र दाखवणार होत्या आणि माझी नोकरी कायम होणं त्यावरच होतं. मग काय, प्रत्येक इशाऱ्याला 'हे मुद्दाम केलंय' असं कोडमध्येच लिहून दिलं. पाच वाजता इशारे शून्य! मी कॉलर ताठ करून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ग्राहकासमोर शीतगृहात पारा उतरू लागला. दोन, एक, शून्य... उणे एक! आणि पडद्यावर झळकलं: ४२९४९६७२९५ अंश! तांबडा निळ्यात शिरला होता; तिथे उणे मावत नाही, म्हणून आकडा उलटून सगळ्यात मोठा झाला होता. आमच्या इमानदार कर्नलला वाटलं, आग लागली. भोंगा वाजला, छतातून पाणी सुटलं, फरशीवर त्याचा बर्फ झाला आणि ग्राहकसाहेब बसल्या बसल्या थेट दारापर्यंत घसरत गेले!

"हे कुणी केलं?" मॅडम कडाडल्या.

मी खाली बर्फाकडे पाहू लागलो. काका शांतपणे म्हणाले, "ती ओळ मीच पास केली, मॅडम. डोळे गेले माझे."

साफ खोटं! त्यांनी गोल केलेला कागद चार दिवस माझ्या टेबलावर होता. मी त्यावर कप ठेवत होतो!

निरोपाच्या भाषणात मॅडमनी काकांच्या डोळ्यांवर विनोद केला. काका हसले. मला रडू आवरेना.

नोकरी कायम झाली. जाताना त्यांनी दोन्ही पेन्सिली माझ्या खणात ठेवल्या. आज काका नाहीत, फार आठवण येते. निळी बोटभर उरलीय, तिला टोक करायचा धीर होत नाही.

ते निवृत्त झाल्यावर मी सगळे इशारे पुन्हा चालू केले आणि एकेक वाचला. गप्प करायला एक दुपार लागली होती, वाचायला आठ महिने! खरी चूक निघाली एकच, काकांनी गोल केलेली.

यादीतली पहिली!