धैर्यशील कॅनडाला जातो

त्या फॉरवर्डला उत्तर द्यायचंच, असं धैर्यशीलनं रविवारी सकाळी चहाचा कप हातात असताना ठरवलं. उत्तर तरी केवढं, तर एक अक्षर. "हॅ." एवढ्यानं काय बिघडतंय, असं त्याला वाटलं. (धैर्यशीलला असं वाटायला लागलं की खरं म्हणजे त्याचा फोन काढून घ्यायला हवा, पण त्याची बायको संयोगिता तेव्हा स्वयंपाकघरात वाटण वाटत होती.)

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला होता संयोगिताच्या धाकट्या भावानं, अमरसिंहनं. अमरसिंह एका पार्टीचा, धैर्यशील दुसरीचा. पार्ट्यांची नावं सांगत नाही. सांगितली तर तुम्ही गोष्ट सोडून एकमेकांकडे बघायला लागाल. निवडणुकीपर्यंत दोघांचं मस्त चाललं होतं. दर रविवारी अमरसिंहनं मटण निवडून आणायचं, संयोगितानं तांबडा-पांढरा रस्सा करायचा आणि या दोघांनी समोरासमोर बसून घाम पुसत भुरकायचा. निवडणूक आली आणि अमरसिंह यायचा बंद झाला. तेव्हापासून मटण धैर्यशील स्वतःच आणतो आणि खाटीक त्याला नळी सोडून सगळी हाडं देतो. अमरसिंहवाचून रविवार कसा ओकाबोका जातो, हे मात्र धैर्यशीलनं कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

"हॅ" पडल्याबरोबर ग्रुपवर अमरसिंहचं उत्तर आलं. "दाजी, पटत नसंल तर देश सोडायचा."

"सोडतो," धैर्यशीलनं लिहिलं. "कॅनडाला चाललोय."

कॅनडाच का, तर धैर्यशील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच क्लार्क आहे आणि तिथून कॅनडाला जाणाऱ्या खोक्यांवर पत्ते चिकटवायचं काम त्याच्याकडे आहे. परदेशाशी त्याचा संबंध तेवढाच.

"अवो, त्याला पासपोर्ट लागतो," संयोगिता म्हणाली.

"काढायचा."

"विमानात बसाय लागतंय. तुम्हाला पन्हाळ्याच्या चढाला मळमळतंय."

"लोक जातात की."

"मग जावा. येताना कोथिंबीर आणा."

इथंच हे मिटलं असतं. पण चौकात गुंडूचं फ्लेक्सचं दुकान आहे, गुंडूला दोन्ही पार्ट्या सारख्याच प्रिय आहेत आणि कोल्हापुरात एखादी गोष्ट फ्लेक्सवर गेली की देवसुद्धा ती माघारी घेऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी चौकाच्या या टोकाला धैर्यशीलच्या पार्टीचा फ्लेक्स लागला, 'गल्लीचा वाघ निघाला कॅनडाला'. त्या टोकाला अमरसिंहच्या पार्टीचा, 'जात असल्याबद्दल जाहीर आभार'. दोन्हीवर धैर्यशीलचा फोटो एकच, मेहुण्याच्या लग्नातला, गॉगल घातलेला.

धैर्यशीलनं खुलासा करायचा प्रयत्न केला. "मी आपलं रागात बोललो हुतो," असं तो गुंडूला सांगायला लागला तोवर मागून कुणीतरी त्याच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. फेटा बांधून होईपर्यंत माणसाला हलता येत नाही, आणि बांधून झाल्यावर हलगी सुरू झाली. हलगीत कोण कुणाचं ऐकतंय? गुलाल उधळत सगळ्या गल्लीनं त्याला स्टँडवर नेलं आणि पुण्याच्या एसटीत बसवलं. विमान पुढं कुठून पकडायचं ते त्याचं त्यानं बघायचं होतं.

तो शिरोलीलाच उतरला. (तेवढाच रस्ता त्याला पाठ होता.) तोंडाला मफलर गुंडाळला, उलट्या गाडीत बसला आणि थेट गगनबावडा गाठला. तिथं संयोगिताची मावशी, चिमणाबाई राहते.

"या जावयबापू," मावशी म्हणाली. "किती दिस ऱ्हाणार?"

"कॅनडातनं परत येईपर्यंत."

मावशीनं त्याच्या कानातल्या गुलालाकडे बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. घाटमाथ्यावरचं धुकं, हुडहुडी भरवणारा गारठा, सतत टिपटिप. फोटो काढले तर कुणीही कॅनडा म्हणेल, अशा हिशेबानं धैर्यशील निर्धास्त झाला. पण रविवारी मावशीनं पुढ्यात नाचणीची भाकरी आणि पातळ आमटी ठेवली, आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघून त्याला घासच जाईना. देश सोडल्याचं त्याला इतकं वाईट वाटत नव्हतं (सोडलाच कुठं होता). अमर नव्हता, त्याचं वाटत होतं.

नेमका तेव्हाच गुंडूचा व्हिडिओ कॉल आला. दुकानात दोन्ही पार्ट्यांची पोरं जमली होती. अमरसिंह मागं, आपलं लक्ष नाही असं दाखवत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"कॅनडा दावा की," गुंडू म्हणाला.

धैर्यशील स्वेटर घालून अंगणात धुक्यात जाऊन उभा राहिला. "बघा. बर्फ पडायच्या बेतात हाय."

"तिकडंबी दिवसच हाय व्हय?"

"इकडं रात्र लई कमी असती."

"आणि ते मागं काय, म्हस हाय?"

धैर्यशीलनं मागं वळून बघितलं. मावशीची म्हैस दाव्याला हिसका देऊन फोनमध्ये डोकावत होती. "पंजाबी लोक लई हाईत हिकडं," तो म्हणाला. "त्यांनी आणलीया."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त अमरसिंह भिंत सोडून पुढं आला, स्क्रीन नीट न्याहाळून दुकानाबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या दारात धुक्यातून एक माणूस उगवला. हातात मोठा डबा.

"काय दाजी, कॅनडा मानवला काय?"

धैर्यशीलला लपायला जागा नव्हती. "कसं कळलं?"

"ती म्हस बिद्रीवरनं मीच आणून दिलीया मावशीला. एक शिंग वर, एक खाली. माणूस इसरंल मी, म्हस न्हाय."

"कुणाला बोललास?"

"न्हाय."

"का?"

अमरसिंह बराच वेळ डब्याच्या झाकणाशी झटत राहिला. "आमच्या पार्टीतलं सगळं माझ्यासारखंच बोलत्यात, दाजी. जेवताना हुज्जत घालायला कुणी न्हाय. रस्सा उतरंना झालाय घशाखाली."

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं म्हणावं तर डबा अजून उघडला नव्हता. "मलाबी करमंना, अमर," तो म्हणाला, आणि मग दोघं जेवायला बसले. पहिल्या वाटीला अमरसिंह आपल्या नेत्याची बाजू घेऊन बोलला, दुसऱ्या वाटीला धैर्यशील आपल्या. तिसऱ्याला दोघांचे आवाज इतके चढले की मावशीनं म्हैस मागच्या दारी नेऊन बांधली. भांडता भांडता अमरसिंहनं नळी उचलून धैर्यशीलच्या ताटात टाकली आणि पुढं भांडत राहिला. धैर्यशीलला इतकं सुख कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

"पण परत यायचं कसं?" त्यानं हात चाटत विचारलं. "पार फेटा बांधून काढलंय मला."

"ते माझ्यावर सोडा."

अमरसिंहनं गल्लीत जाऊन एवढंच सांगितलं की दाजींनी कॅनडा सोडला, तिथल्या रश्शाला चव न्हाय. झालं, निवडणुकीनंतर पहिल्यांदा दोन्ही पार्ट्यांचं एकमत झालं. स्टँडवर हलगी आली, गुलाल आला, संयोगिताही आली आणि पहिलं वाक्य बोलली, "कोथिंबीर आणली?"

चौकात दोन फ्लेक्सच्या जागी आता एकच होता, आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'कॅनडाला लाथ मारून परतलेल्या धैर्यशीलरावांचं सहर्ष स्वागत'. वर दोन्ही पार्ट्यांचे नेते शेजारी शेजारी, खाली दोन्हीकडची पोरं, मध्ये हात जोडून अमरसिंह. धैर्यशीलचा ऊर भरून आला. तो फ्लेक्सवर स्वतःला शोधायला लागला. वर नव्हता, खाली नव्हता. अमरसिंहच्या शेजारी, सगळ्यांत मोठ्या गोलात, एक शिंग वर आणि एक खाली असलेली मावशीची म्हैस होती.

"गुंडू, माझा फोटो कुठाय?"

"तुमचा कॅनडातला एकच फोटो हुता, त्या कॉलमधला," गुंडू म्हणाला. "त्यात तुम्ही लई पुसट आलता. म्हस क्लियर आलती."